वेबपॅक ५: एरर रीडमीवर, दुखणं भलतीकडंच

सांगलीत विश्रामबागला आमचं छोटं ऑफिस आहे, मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत्यांना बिलिंगचं सॉफ्टवेअर करून देतो. सौदा झाला की हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी लगेच छापून हातात पडली पाहिजे, अडत्याला एवढंच पाहिजे असतं, मागं बिल्ड कशात होतंय याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. आमचं होतं वेबपॅक ५ मध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टच्या सुट्या फाइली जोडून एक बंडल करून देणारं टूल, त्या जोडण्यालाच बिल्ड म्हणतात. टूल दणकट आहे. २०२० च्या ऑक्टोबरात हे व्हर्जन आलं त्यात डिस्कवरची कॅश (आधी केलेलं काम साठवून ठेवायची सोय) मिळाली, ती चालू केली की मोठा प्रोजेक्टपण दुसऱ्यांदा पटकन बिल्ड होतो, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण हा रिव्ह्यू त्याच्या एकाच एररबद्दल आहे, कारण कॉलेजमधनं शिकून आलेली चांगली हुशार पोरं त्या एका मेसेजपायी अख्खा दिवस घालवतात आणि शेवटी आपल्यालाच काही जमत नाही असं समजून गप्प बसतात, ते मला बघवत नाही.

होतं असं की नवीन पॅकेज (तयार कोडचा गठ्ठा) टाकलं, आमच्याकडं ते पट्टीचे वेगवेगळे प्रिंट फॉरमॅट नावावरून लोड करणारं होतं, आणि बिल्ड मारलं की लाल अक्षरात 'मॉड्यूल पार्स फेल्ड' (फाइल वाचता आली नाही), खाली 'यू मे नीड अॅन अॅप्रोप्रिएट लोडर' (लोडर म्हणजे अशी वेगळी फाइल वाचून देणारा जोड), आणि फाइल कुठली तर नोड मॉड्यूल्स या पॅकेजं ठेवायच्या फोल्डरमधली त्या पॅकेजची रीडमी, म्हणजे नुसती माहितीची फाइल! कधी रीडमीच्या जागी लायसन्स. लायसन्सची पहिली ओळ बऱ्याचदा 'एमआयटी लायसन्स' असते, वेबपॅकचा पार्सर (कोड वाचणारा भाग) ती जावास्क्रिप्ट समजून वाचायला जातो, एमआयटी हे त्याला एखाद्या व्हेरिएबलचं नाव वाटतं आणि पुढं स्पेस सोडून लायसन्स शब्द आला की 'अनएक्स्पेक्टेड टोकन १:४'. पहिली ओळ, कॉलम ४, कॉलम शून्यापासनं मोजतात म्हणून. हे आकडे बघून आपल्या कोडची चौथी-पाचवी ओळ तपासत बसू नका, तिथं काही नाही.

आता मेसेज खोटा आहे का, तर नाही, त्या फाइलला लोडर खरंच नसतो. पण सल्ला उलट्या वाटेला लावतो. पोरगं सर्च करतं, मार्कडाउनसाठी (रीडमी ज्यात लिहितात तो प्रकार) रूल लिहितं, वेबपॅक ५ ला तर फाइल जशीच्या तशी मजकूर म्हणून घेणारा वेगळा रॉ-लोडरपण लागत नाही, 'अॅसेट/सोर्स' असा टाइप दिला की काम होतं. मग लायसन्स अडते, तिला एक्स्टेन्शनच नाही म्हणून वेगळा रूल, मग टाइपस्क्रिप्टच्या डॉट-डी-डॉट-टीएस फाइली अडतात, आणि असं करत करत शेवटी बिल्ड पास होतं खरं पण पॅकेजची सगळी माहितीपुस्तिका आपल्या बंडलमध्ये जाऊन बसलेली असते.

मूळ कारण हे. त्या पॅकेजच्या कोडमध्ये कुठंतरी 'रिक्वायर' (दुसरी फाइल मागवायची आज्ञा) आहे आणि त्यात फाइलचं नाव थेट लिहिलेलं नाही, './' ला पुढं एक व्हेरिएबल जोडलेलं आहे. नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवतं ते) हे निवांत चालतं, कारण नाव रनटाइमला, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना, कळतं. वेबपॅकला मात्र बिल्डच्या वेळीच सगळं गोळा करायचं असतं, कुठली फाइल लागेल माहिती नाही म्हणून ते त्या फोल्डरमधल्या, सबफोल्डरसकट, सगळ्याच फाइली उचलतं, याला ते कॉन्टेक्स्ट म्हणतात. आणि रीडमी, लायसन्स, पॅकेज-जेसन या तीन गोष्टी असल्या तर एनपीएम (पॅकेजं जिथनं येतात ती सोय) प्रत्येक पॅकेजमध्ये घालतंच, लेखकानं फाइल्सची यादी कितीपण छोटी दिलेली असली तरी. म्हणजे दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आणि मधल्यामधी आपण अडकलो.

आणि उत्तर मेसेजमध्येच असतं, हे मला जास्त लागतं. रीडमीचा तुकडा दाखवून झाला की खाली @ नं सुरू होणाऱ्या ओळी असतात, त्यातल्या एकीत पॅकेजचं फोल्डर, 'सिंक' शब्द आणि पुढं एक रेजेक्स (फाइलच्या नावांचा नमुना) दिसतो. ही ओळ दिसली की कॉन्टेक्स्टचंच प्रकरण समजायचं, आणि तिच्या खालच्या ओळीत ज्या फाइलनं हे मागितलं तिचं नाव आणि लाइन नंबर. पण सगळ्यात वर मोठ्या अक्षरात लोडरचा सल्ला असताना खालपर्यंत वाचतंय कोण? सौद्यात ढीग कुणाचा ते न सांगता नुसता भाव पुकारावा तसं आहे हे. तुमच्याकडं त्या ओळी येतच नसतील तर वेबपॅकच्या स्टॅट्स सेटिंगमध्ये मॉड्यूल-ट्रेस बंद आहे का बघा.

तुलना करायची तर ईएसबिल्ड बघा, तेपण बिल्डचंच टूल, इव्हान वॉलेसचं, गो मध्ये लिहिलेलं. २०२३ च्या ०.१९ पासनं तेपण असं जोडून केलेलं नाव बघून फाइली गोळा करतं, त्यामुळं 'नो लोडर इज कॉन्फिगर्ड' ही एरर तिथंपण येते. पण मेसेजखाली ते रीडमीचा तुकडा दाखवत नाही, ज्या ओळीनं ती फाइल ओढली ती ओळ दाखवतं, आणि नव्या पोराला पहिल्या नजरेत कळतं की बघायचं कुठं. वेबपॅकनं एवढीच एक गोष्ट उचलावी.

आम्ही इलाज केला तो कॉन्टेक्स्ट-रिप्लेसमेंट-प्लगइननं, त्याला त्या पॅकेजचं फोल्डर द्यायचं आणि सांगायचं की शेवटी डॉट जेएस असलेल्याच फाइली घे. फोल्डरच्या रेजेक्समध्ये दोन्ही प्रकारचे स्लॅश धरा, नाहीतर लिनक्स सर्व्हरवर चालेल आणि विंडोजच्या लॅपटॉपवर तीच एरर परत. कोड नुसता सर्व्हरवर चालणार असेल तर ते पॅकेज एक्स्टर्नल्समध्ये (बंडलबाहेर ठेवायच्या यादीत) टाका, बंडल करायची गरजच नाही. पॅकेज तुमचं स्वतःचं असेल तर याहून सोपं, रिक्वायरमध्ये व्हेरिएबलच्या पुढं '.जेएस' जोडा, वेबपॅक मग तेवढ्याच फाइली बघतं आणि रीडमीकडं ढुंकूनपण बघत नाही. पॅकेज लिहिणाऱ्यांनी हे करावंच, त्यांची दोन मिनिटं जातात, आणि इकडं सीझनमध्ये यार्डात पट्टीसाठी थांबलेल्या माणसाचा खोळंबा वाचतो.

बाकी टूलला पाचपैकी चार, एरर मेसेजला दोन.