मोस्ट वॉन्टेड 2005 'ओरिजिनल' घ्यायला गेलो आणि गंडलो

आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पूर्ण वाचायचा कंटाळा आहे त्यांचं तरी काम होईल. नीड फॉर स्पीड ह्या कार रेसिंग गेमच्या मालिकेतला 2005 चा मोस्ट वॉन्टेड, तो निळ्या-चंदेरी बीएमडब्ल्यू एम थ्री जीटीआरवाला, स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, कधी आलाच नाही. स्टीमवर मोस्ट वॉन्टेड म्हणून जो दिसतो तो 2012 चा, नाव तेच पण गेम पूर्ण वेगळा. त्यामुळे कोणी "2005 ची स्टीम की (गेम चालू करायचा कोड) देतो" म्हणत असेल तर तो थापा मारतोय. मला हे 349 रुपये गेल्यावर कळलं, आणि 349 तर काहीच नाहीत, पुढं वाचा.

आमच्या मिरजेत 2007 च्या आसपास सायबर कॅफेत तासाला 20 रुपये होते. शाळा सुटली की आम्ही तिघंजण एका पीसीवर, एकाकडं स्टिअरिंगच्या कीज, एकाकडं नायट्रो, तिसरा मागून ओरडायला. गेममधलं रॉकपोर्ट शहर, एकेकाला हरवत वर जायची 15 रेसर्सची यादी म्हणजे ब्लॅकलिस्ट, सगळ्यात खाली सॉनी आणि सगळ्यात वर रेझर. पोलीस मागं लागले की वायरलेसवर त्यांचं बोलणं ऐकू यायचं, हीट, म्हणजे पोलिसांचा जोर, वाढत गेली की रोडब्लॉक, खिळ्यांच्या पट्ट्या, समोरून अंगावर येणाऱ्या जाडजूड एसयूव्ही, आणि शेवटी सार्जंट क्रॉस स्वतः. आम्ही त्या डोनटच्या दुकानावरचा मोठा डोनट पोलिसांवर पाडायला मुद्दाम तिकडून जायचो. पण कॅफेवाल्या काकांनी दर महिन्याला पीसी फॉरमॅट मारायचा नेम धरला होता, त्यामुळे आमचा सेव्ह केलेला गेम कधी सहाव्या-सातव्या नंबरच्या वर गेलाच नाही. रेझरला मी आयुष्यात हरवलेलं नाही. हे ज्यांना समजतं त्यांना समजतं, बायकोला नाही समजलं.

तर यंदा दिवाळीला नवीन लॅपटॉप घेतला आणि पहिला विचार हाच. आणि आता कमावतो तर क्रॅक, म्हणजे चोरीची कॉपी, कशाला, विकतच घेऊ, असा शहाणपणा सुचला. गंमत बघा, फसलो ते प्रामाणिकपणाच्या नादात.

स्टीमवर शोधलं, नाही मिळाला. का नाही याचा तेव्हा विचारच केला नाही. असल्या गेममध्ये खऱ्या कंपन्यांच्या गाड्या आणि खऱ्या बँडची गाणी असतात, त्यांची लायसन्स ठराविक वर्षांची असतात, ती संपली की गेम विकता येत नाही. नीड फॉर स्पीडवाल्या ईए कंपनीनं 2021 च्या मे महिन्यात ह्याच मालिकेतले कार्बन, अंडरकव्हर, द रन हे सगळे विक्रीतून काढले. दुसरा रेसिंग गेम, फोर्झा होरायझन 4, तो पण 2024 च्या डिसेंबरला गेला. म्हणजे जुना रेसिंग गेम दुकानात नसेल तर त्याला कारण असतं, पण माझ्या डोक्यात "आपल्याला शोधता येत नसेल" एवढंच.

मग एका मेसेजिंग ऍपवर एक चॅनल सापडलं. "मोस्ट वॉन्टेड 2005 ब्लॅक एडिशन, ओरिजिनल, लाइफटाइम, फक्त 349." खाली स्क्रीनशॉटच स्क्रीनशॉट, "थँक्स भाई", "वर्किंग ब्रो", "ट्रस्टेड सेलर". मी ते बघूनच पैसे टाकले. दहा मिनिटात आयडी पासवर्ड आला, लॉगिन केलं तर लायब्ररीत 2012 वाला. शहर फेअरहेवन, ब्लॅकलिस्ट नाही, 2005 वाल्यात आपल्याला मदत करणारी मिया नाही. मी त्याला लिहिलं, अरे हा तो नाही. इथं मला वाटलेलं की आता ब्लॉक करणार. नाही. उलट लगेच "सॉरी दादा, स्टॉकमध्ये चूक झाली, तुम्हाला डायरेक्ट 2005 ची फाइल देतो, एक्स्ट्रा पैसे नको". एवढ्या गोड बोलण्यावर माझा संशय होता नव्हता तेवढा पण गेला.

फाइल आली, झिप, पासवर्डवाली. सोबत सूचना की अँटीव्हायरस बंद करा, नाहीतर गेमची फाइल डिलीट होते. आता तुम्ही म्हणाल एवढा कसा येडा. पण जुने गेम खेळणाऱ्यांना विचारा, हे वाक्य आपण वीस वर्ष वाचत आलोय. त्या काळातल्या डिस्कवर जे कॉपी प्रोटेक्शन होतं ते विंडोज 10 मध्ये चालतच नाही, त्यामुळे ओरिजिनल डिस्क असली तरी लोक गेम चालू करणारी दुसरी एक्सई फाइल टाकतात, आणि अँटीव्हायरस त्याच्यावर खरोखर उगाच बोंबलतो. म्हणजे धोक्याची घंटा वाजली की ती बंद करायची, ही सवय आपल्याला आधीच लागलेली आहे, चोराला काही नवीन शिकवावं लागत नाही. आणि झिपला पासवर्ड का, तर आत काय आहे ते स्कॅनरला बघता येऊ नये म्हणून.

सेटअप रन केला, ऍडमिन परवानगी मागितली, दिली. आणि गेम चालू झाला की! खरोखर चालू झाला. तोच पिवळट उजेड, तोच इंजिनचा आवाज. मी त्या भावाला "भाई चालू झाली, थँक्स, एक नंबर" असं लिहून पण पाठवलं. मग बसून सुरुवात बघतोय, रेझरची माणसं आपल्या बीएमडब्ल्यूत काहीतरी करून ठेवतात, ऐन रेसमध्ये तेल गळून गाडी बंद पडते आणि गाडी रेझरच्या घशात. नेमकं त्याच वेळेला माझ्या लॅपटॉपमधून काय काय गळत होतं ते मला दोन दिवसांनी कळलं.

दोन दिवसांनी सकाळी कोल्हापूरच्या मावशीचा फोन. "अरे बाळा, मिळाले का पैसे? दवाखान्यात कोण आहे?" मी म्हणलं कसले पैसे. माझ्या इन्स्टावरून रात्री अकराला तिला मेसेज गेला होता, अर्जंट आहे, सहा हजार पाठव, फोन उचलू शकत नाही. मावशीनं मुलाकडून लगेच टाकून घेतले. तिला विचारावंसं पण वाटलं नाही, मी आहे म्हणून. हे लिहिताना पण लाज वाटते. अजून चार-पाच जणांना मेसेज गेला होता, त्यातल्या एकानं माझी चेष्टा करून सोडून दिलं, बाकीच्यांनी बघितलाच नव्हता. स्टीमचं माझं खरं अकाउंट, 2014 पासूनचे गेम, त्याचा पण ईमेल बदललेला.

सगळ्यात जास्त डोकं फिरलं ते ह्यानं की मला एकही ओटीपी आला नव्हता. टू स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर ओटीपी लागतो ते, चालू होतं. पुण्यात आयटीत असलेल्या मित्रानं समजावलं की ह्याला पासवर्ड लागतच नाही, आपण ब्राउझरमध्ये लॉगिन राहतो ना, त्याची जी कुकी, म्हणजे लॉगिन असल्याची खूण असते, तीच ही फाइल उचलून नेते, समोरच्या साइटला वाटतं तू आधीच आत आहेस. म्हणून नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, सगळीकडं "सर्व डिव्हाइसवरून लॉग आउट" करावं लागतं, आणि ते दुसऱ्या स्वच्छ फोनवरून, त्याच लॅपटॉपवरून नाही. मी पहिल्यांदा त्याच लॅपटॉपवरून पासवर्ड बदलले, म्हणजे नवीन पण त्याला दिले. लॅपटॉप शेवटी पूर्ण फॉरमॅट मारला, कॅफेवाल्या काकांची आठवण आली.

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, मावशीच्या मुलानं फोन केला आणि सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली. फोनवर पहिला प्रश्न, पैसे गेले कधी. तोपर्यंत पंधरा तास झाले होते, आणि लवकर कळवलं असतं तर पुढच्या खात्यात पैसे अडवता आले असते म्हणे. तक्रार नंबर मिळालाय, पैसे नाहीत. मावशीला सहा हजार मी दिले, ती घेतच नव्हती. स्टीमचं अकाउंट जुन्या खरेदीच्या पावत्या दाखवून नऊ दिवसांनी परत मिळालं, इन्स्टाचं अजून नाही.

त्या विक्रेत्याला मी परत लिहिलं रिफंड दे म्हणून, तर त्यानं क्यूआर पाठवला, "स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील". एवढं मात्र मला माहीत होतं, पैसे यायला पिन लागत नाही. नाही टाकला. मग ब्लॉक केलं त्यानं.

परवा भाच्याच्या फोनवरून ते चॅनल उघडून बघितलं. अजून चालू आहे, भाव 299 केलाय. खाली स्क्रीनशॉटच्या रांगेत सगळ्यात वर एक नवीन आहे, "भाई चालू झाली, थँक्स, एक नंबर". बाजूच्या गोलात माझाच फोटो.