मॅलरीच्या सहवासात नऊ महिने: गोलमेजाचे सरदार आणि त्यांच्या नव्या कथा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी राजा आर्थर आणि त्याच्या गोलमेजाच्या सरदारांच्या कथा सांगणाऱ्या, सर टॉमस मॅलरी यांच्या 'ल मॉर्त दार्थर' या ग्रंथाची दोन खंडांची, कागदी बांधणीची आवृत्ती मागवली. पहिल्या आठवड्यात मला तिचा फार कंटाळा आला होता. आज नऊ महिन्यांनंतर दोन्ही खंड पूर्ण वाचून झाले आहेत, त्यातले काही भाग तीन-तीनदा वाचले आहेत, आणि आर्थरकथेची आधुनिक पुनर्कथनेही त्यांच्या शेजारी ठेवून वाचली आहेत. नवे पुस्तक हाती आल्यावर लगेच लिहिलेला अभिप्राय आणि महिनोन्महिने सोबत राहिल्यानंतरचे मत यांत फार अंतर असते. माझ्या बाबतीत तर आवडते पात्रच बदलले, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आधी प्रत्यक्ष पुस्तकाविषयी सांगते. मॅलरी यांनी हा ग्रंथ 1469-70 च्या सुमारास तुरुंगात असताना पूर्ण केला आणि विल्यम कॅक्स्टन यांनी तो 31 जुलै 1485 रोजी छापून पूर्ण केला. कॅक्स्टन यांनीच त्याची 21 भाग आणि 507 प्रकरणे अशी विभागणी केली. माझी आवृत्ती याच छापील संहितेवर आधारलेली आहे. तिचे शुद्धलेखन आजच्या इंग्रजीचे असले तरी शब्द जुनेच ठेवलेले आहेत आणि प्रत्येक खंडाच्या शेवटी शब्दार्थांची सूची जोडलेली आहे. प्रकरणे बहुधा दोन-तीन पानांची असल्यामुळे रात्री झोपण्यापूर्वी दोन प्रकरणे असा नेम सहज पाळता येतो. शब्दसूचीचा उपयोग पहिल्या दोन महिन्यांत सतत होतो. पुढे तेच तेच शब्द ओळखीचे होतात आणि पाने मागेपुढे करण्याची गरज राहत नाही. बांधणी मात्र निराशाजनक निघाली. सहाव्या महिन्यात दुसऱ्या खंडाचा कणा मधोमध फाटला आणि पाने सुटू लागली. इतक्या जाड आणि वारंवार उघडाव्या लागणाऱ्या ग्रंथाला शिवण असायला हवी होती. ज्यांना परवडेल त्यांनी पुठ्ठा बांधणीची प्रत शोधावी.

ज्यांना मॅलरी यांच्या मूळ लेखनाच्या अधिक जवळ जायचे असेल, त्यांनी विंचेस्टर हस्तलिखितावर आधारलेली आवृत्ती घ्यावी. हे हस्तलिखित 1934 मध्ये विंचेस्टर कॉलेजात सापडले. तोपर्यंत साडेचार शतके सर्वांना कॅक्स्टन यांचीच संहिता ठाऊक होती. रोमवरील स्वारीचा भाग कॅक्स्टन यांच्या छपाईत निम्म्याच्या आसपास आटलेला आहे, हे त्या शोधामुळे कळले. पहिल्या वाचनासाठी मात्र छोट्या प्रकरणांची सोय मला अधिक मोलाची वाटली.

मॅलरी यांची वाक्ये 'आणि' या शब्दाने एकमेकांना जोडलेली असतात. सरदार निघाला, आणि विहिरीपाशी आला, आणि तिथे एक स्त्री रडत होती, आणि त्याने कारण विचारले. डोळ्यांनी वाचताना हे नीरस वाटते. तिसऱ्या आठवड्यात मी सहज मोठ्याने वाचून पाहिले, तेव्हा आजीच्या गोष्टीतल्या 'मग'ची लय कानावर आली आणि तिथून पुढे पुस्तक उलगडत गेले. त्यानंतर मी जवळजवळ सगळा ग्रंथ मोठ्यानेच वाचला आणि प्रत्येक नव्या वाचकाने तसेच करावे असे मला मनापासून वाटते. अपवाद फक्त ट्रिस्ट्रम या सरदाराच्या भागाचा. ग्रंथाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग व्यापणाऱ्या या कथेत झुंजीमागून झुंजी येत राहतात. डिसेंबर ते फेब्रुवारी असे तीन महिने मी त्यातच होते. त्या काळात मला धीर दिला तो डिनाडनने. विनाकारण भाल्याला भाला भिडवण्याची सक्ती कशासाठी, असे उघड विचारणारा, मित्रांसाठी मात्र जिवावर उदार होणारा हा सरदार त्या गर्दीत आपलासा वाटतो.

मॅलरी यांचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य माझ्या लक्षात फार उशिरा आले. ते काय घडले ते सांगतात आणि का घडले याविषयी बहुधा मौन पाळतात. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी जन्मलेले मूल आपला घात करील, असे मर्लिन या जादूगाराकडून कळल्यावर आर्थर त्या दिवशी जन्मलेली उमरावांची मुले मागवून घेतो आणि जहाजात घालून समुद्रात सोडून देतो. जहाज फुटते, बहुतेक मुले मरतात, आर्थरचाच मुलगा मोर्ड्रेड तेवढा वाचतो. मराठी वाचकाला येथे कंस आठवल्यावाचून राहणार नाही, पण येथे हे कृत्य करणारा कथेचा नायक आहे आणि त्याच्या मनात काय चालले होते याविषयी एक वाक्यही लिहिलेले नाही. आर्थरची बहीण मॉर्गन ल फे भावाला मारण्याचा कट रचते, त्याच्या तलवारीचे, त्याचे रक्षण करणारे म्यान तळ्यात फेकून देते, आणि शेवटी जखमी आर्थरला नेण्यासाठी येणाऱ्या नावेत तीच असते. या दोन टोकांमध्ये काय घडले, ते वाचकाने आपल्या मनाने जोडायचे. आधुनिक लेखक नेमके याच मोकळ्या जागांकडे ओढले जातात, आणि कोणती जागा भरायची व कोणती तशीच ठेवायची याची जाण ज्याला आहे, त्याचे पुनर्कथन टिकते, असे माझे मत या नऊ महिन्यांत बनले.

या कसोटीवर मला सर्वांत श्रेष्ठ वाटले ते टी. एच. व्हाइट यांचे 'द वन्स अँड फ्यूचर किंग'. व्हाइट यांचा जन्म 1906 मध्ये मुंबईत झाला होता, हे मला पुस्तक हाती घेतल्यावर कळले आणि उगाचच जवळीक वाटली. 1938 मध्ये आलेल्या 'द सोर्ड इन द स्टोन'पासून सुरू झालेली ही कथामाला 1958 मध्ये एकत्रित रूपात प्रसिद्ध झाली. व्हाइट सतत कारणे सांगतात. त्यांचा लॅन्सलॉट, म्हणजे आर्थरचा सर्वश्रेष्ठ सरदार, कुरूप आहे. आपल्या आत काहीतरी वाईट आहे, या भीतीने तो जन्मभर चांगले वागण्याचा आटापिटा करतो आणि आपल्या हातून एकदा तरी चमत्कार घडावा अशी त्याची लहानपणापासूनची इच्छा असते. मॅलरी यांच्या ग्रंथात एक प्रसंग असा आहे: सर अरी नावाच्या सरदाराच्या जखमा जगातील सर्वोत्तम सरदाराच्या स्पर्शानेच भरून येणार असतात. त्या वेळी दरबारात हजर असलेले गोलमेजाचे 110 सरदार एकामागून एक प्रयत्न करतात, त्यांची नावे मॅलरी ओळीने देतात, आणि शेवटी लॅन्सलॉटला हात लावायला सांगितले जाते. आर्थरच्या राणीशी असलेले प्रेमाचे नाते लपवून वावरणारा हा माणूस आपले पाप आता सर्वांसमोर उघडे पडेल या भयाने पुढे होतो. निदान मी ते भय तसेच वाचते. जखमा भरून येतात. सगळे देवाचे आभार मानतात आणि लॅन्सलॉट मार खाल्लेल्या लेकरासारखा रडत राहतो. का रडतो, ते मॅलरी सांगत नाहीत. सगळे काही समजावून सांगणारे व्हाइट या ठिकाणी पोहोचल्यावर आधी आपले स्पष्टीकरण देतात आणि मग भागाचा शेवट मॅलरी यांच्याच वाक्याने करतात. मोठ्या लेखकाने आपल्याहून मोठ्या लेखकाला दिलेला हा मान मला फार भावला.

तरी व्हाइट यांच्याविषयी माझी एक मोठी तक्रार आहे. मॅलरी यांचा पॅलोमिडीज हा सारासेन, म्हणजे मुस्लिम मुलखातून आलेला सरदार आहे. तो ट्रिस्ट्रमच्या प्रेयसीवर, आयसोडवर, निष्फळ प्रेम करतो, ट्रिस्ट्रमशी पुन्हा पुन्हा लढतो, हरतो, मत्सराने नीचपणा करतो आणि मग स्वतःच्या नीचपणाने व्याकूळ होतो. शेवटी तो ट्रिस्ट्रमशी समेट करून बाप्तिस्मा घेतो. त्या दरबारात तो कायम अर्धा परका राहतो आणि म्हणूनच परमुलखात राहिलेल्या कोणालाही तो समजेल. व्हाइट यांनी त्याला विनोदी पात्र केले आणि त्याच्या तोंडी हिंदी बाबूच्या इंग्रजीची नक्कल घातली. मुंबईत जन्मलेल्या आणि लॅन्सलॉटच्या वेदनेपर्यंत इतक्या खोल उतरलेल्या लेखकाकडून ही अपेक्षा नव्हती. वाचताना मला खरोखर दुःख झाले. 2024 मध्ये आलेल्या लेव्ह ग्रॉसमन यांच्या 'द ब्राइट सोर्ड' या कादंबरीने हे दुःख पुष्कळ हलके केले. आर्थर पडल्यानंतर मागे उरलेल्या थोड्याशा दुय्यम सरदारांची ही कथा आहे. तिच्यात पॅलोमिडीज बगदादहून आलेला सुसंस्कृत राजपुत्र आहे आणि ब्रिटनकडे तो बाहेरच्या माणसाच्या नजरेने पाहतो. बेडिव्हिअर आणि डिनाडन यांनाही तिथे स्वतःची पूर्वकथा मिळते. कादंबरी मधल्या भागात पसरट होते, पण मोठ्या नावांच्या सावलीत राहिलेल्या पात्रांवर ज्यांचा जीव आहे त्यांनी ती अवश्य वाचावी.

बर्नार्ड कॉर्नवेल यांच्या 1995 ते 1997 या काळातील तीन कादंबऱ्या मी दोन आठवड्यांत संपवल्या. रोमन सत्ता गेल्यानंतरचा चिखल, थंडी, ढालींच्या भिंतीतील रेटारेटी हे सारे त्यांत अंगावर येते आणि वृद्ध डेर्फेलचे निवेदन मनात घर करते. तेथे लॅन्सलॉट भित्रा आहे आणि भाटांना हाताशी धरून त्याने कीर्ती मिळवली आहे. कल्पना चतुर आहे, पण ती एकदा कळली की त्या पात्रात दुसऱ्यांदा पाहण्यासारखे काही उरत नाही. पुन्हा वाचावेसे वाटते ते डेर्फेलसाठी. 'द मिस्ट्स ऑफ ॲव्हलॉन' या 1983 च्या कादंबरीत मॉर्गनची मोकळी जागा भरलेली आहे आणि ती बाजू प्रभावी आहे, पण त्याची किंमत म्हणून राणीला सतत घाबरणारी आणि कर्मठ करून टाकले आहे. मी ती दुसऱ्यांदा हाती घेतली नाही.

आता आर्थरचा भाचा गवेन याच्याविषयी. मी लॅन्सलॉटसाठी हा ग्रंथ उघडला आणि गवेनपाशी थांबले. आर्थरच्या लग्नाच्या मेजवानीत मिळालेल्या पहिल्याच कामगिरीवर गवेन शरण आलेल्या सरदाराला दया नाकारतो आणि मध्ये पडलेल्या त्याच्या स्त्रीचे मस्तक त्याच्या हातून उडते. दरबारातील स्त्रिया त्याला शिक्षा देतात: यापुढे जन्मभर स्त्रियांसाठी लढायचे आणि दया मागणाऱ्याला ती नाकारायची नाही. पुढे शेकडो पाने हे विसरल्यासारखे होते. गवेन सूडबुद्धीने वागतो आणि भावांसह लॅमोरॅक या सरदाराला घेरून मारतो. हा खून मॅलरी प्रत्यक्ष दाखवतसुद्धा नाहीत, तो इतरांच्या बोलण्यातून कळतो. मग लॅन्सलॉट राणीला चितेवरून सोडवताना गर्दीत निःशस्त्र उभ्या असलेल्या गॅरेथला नकळत मारतो. गॅरेथ गवेनचा धाकटा भाऊ, आणि त्याला सरदारकीची दीक्षा स्वतः लॅन्सलॉटने दिलेली. येथून गवेनचा सूड सारे राज्य बुडवतो. डोव्हरच्या किनाऱ्यावर लॅन्सलॉटच्याच हातची जुनी जखम पुन्हा उघडते, आणि मरणापूर्वी दोन-अडीच तास तो लॅन्सलॉटला पत्र लिहितो: दोष माझा होता, राजाच्या मदतीला ये. मोर्ड्रेडशी होणाऱ्या शेवटच्या लढाईच्या आदल्या रात्री तो आर्थरच्या स्वप्नात येतो आणि उद्या लढू नकोस असे बजावतो. त्याच्याभोवती स्त्रिया उभ्या असतात. ज्यांच्यासाठी मी जिवंतपणी लढलो त्या या, असे तो सांगतो. तिसऱ्या भागातली शिक्षा एकविसाव्या भागात अशी फेडली जाते आणि मॅलरी त्या दोन प्रसंगांचा संबंध बोलून दाखवत नाहीत. एप्रिलमधल्या एका रात्री ते ओळखू आले, तेव्हा मी पहिला खंड पुन्हा काढून ते पान शोधले आणि बराच वेळ दोन्ही पाने समोर ठेवून बसले.

हा धागा पूर्ण उचललेले आधुनिक पुनर्कथन मला अजून सापडलेले नाही. कॉर्नवेल यांच्याकडे गवेन हा भोळा तरुण राजपुत्र म्हणून थोडा वेळ येतो आणि बळी दिला जातो. व्हाइट त्याला ऑर्कनी बेटांवरच्या, प्रेमाला आसुसलेल्या भावंडांमध्ये वाढवतात, आणि ते बालपण वाचताना जीव कासावीस होतो, परंतु पुढे त्यांचे लक्ष आर्थरकडे वळते. जॉन स्टाइनबेक यांचे पुनर्कथन अपुरेच राहिले, त्यामुळे ते गवेनच्या अखेरीपर्यंत पोहोचलेच नाहीत.

गवेनवर जीव जडलेल्या वाचकासाठी खरा आधार चौदाव्या शतकाच्या अखेरच्या 2530 ओळींच्या 'सर गवेन अँड द ग्रीन नाइट' या काव्याचा आहे. मी सायमन आर्मिटेज यांचा 2007 मधील अनुवाद वापरते. अनुप्रासाची मूळ ठेवण त्यांनी राखली आहे आणि तोही मोठ्याने वाचण्यासारखा आहे. या काव्यातला गवेन जिवाच्या भीतीने, जीव वाचवणारा म्हणून मिळालेला हिरवा पट्टा लपवतो, त्यापायी मानेवर लहानशी जखम घेऊन परत येतो आणि ती लाज उघडपणे अंगावर वागवतो. दरबार हसतो आणि सगळेच तसा पट्टा धारण करतात. 2021 मध्ये देव पटेल यांची भूमिका असलेला चित्रपट या काव्यावर आला. त्यात शेवट बदलला आहे आणि गवेन अजून सरदार (नाइट) झालेला नसतो, पण भीतीपुढे उभ्या राहिलेल्या कोवळ्या माणसाचा चेहरा त्यात खरा उतरला आहे.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मी सांगेन की आधी आर्मिटेज यांचा अनुवाद घ्या, मग व्हाइट, आणि मगच मॅलरी. मॅलरी यांच्यात ट्रिस्ट्रमचा भाग पहिल्या खेपेस चाळला तरी चालेल, पण शेवटचे चार भाग सलग आणि सावकाश वाचा. माझ्या दुसऱ्या खंडाची सुटलेली पाने मी कापडी पट्टीने बांधून घेतली आहेत आणि या आठवड्यापासून, पुन्हा आर्थरच्या लग्नाच्या मेजवानीपासून, दुसरे वाचन सुरू केले आहे.