अमेरिकेत विमा मध्येच तुटला: नवा मिळेल की नाही, हे ठरवतं कोण?

लेऑफचा मेल आला की अमेरिकेतल्या मराठी घरात पहिला हिशेब होतो व्हिसाचा. हेल्थ इन्शुरन्सची आठवण दोन दिवसांनी, पोराला ताप आल्यावर. ओपन एन्रोलमेंट, म्हणजे प्लॅन घ्यायची वर्षातली ठरलेली मुदत, उलटून गेलेलं असेल तर बहुतेकांना स्पेशल एन्रोलमेंट पीरियड (एसईपी), म्हणजे मध्येच विमा घ्यायची खास मुदत, मिळाल्याशिवाय नवा प्लॅन घेता येत नाही. आणि त्याला आपण पात्र आहोत की नाही, हे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे जाणकार ठरवत नाहीत, एजंटही नाही. वाटेगणिक ठरवणारा बदलतो. प्रीमियमच्या आकड्याआधी मी तेच बघेन.

नवरा-बायको दोघंही नोकरीत असतील तर दुसऱ्याच्या कंपनीचा प्लॅन ही सरळ वाट. इथे निर्णय प्लॅन अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा, म्हणजे बहुधा कंपनीचाच. एचआर फक्त कागद पुढे सरकवतं. पण कंपनीला मनमानी करता येत नाही. 1996 च्या हिपा कायद्यानुसार आधीचा विमा गेला, लग्न झालं, मूल झालं किंवा दत्तक घेतलं तर मध्येच प्रवेश द्यावाच लागतो. अर्जाला निदान 30 दिवस मिळतात, आणि बऱ्याच कंपन्या त्यापुढे एक दिवसही देत नाहीत. नकार आला तर आधी प्लॅनकडेच दाद मागायची, मग केंद्राच्या कामगार खात्याकडे.

आपल्याकडची लग्नं इथेच अडकतात. लग्न डिसेंबरात पुण्यात, बायकोचा एच-4 (एच-1बी या नोकरीच्या व्हिसावाल्याच्या जोडीदाराचा) व्हिसा लागून ती येते मार्चमध्ये. कंपनी दिवस मोजते लग्नाच्या तारखेपासून, विमानतळावर उतरल्यापासून नाही. काही कंपन्यांचे नियम सैल असतात, पण ते प्लॅनच्या कागदात लिहिलेलं हवं. एचआरच्या तोंडी ‘हो’ला अर्थ नाही.

मार्केटप्लेसवर, म्हणजे विमा घ्यायच्या सरकारी बाजारात (त्यालाच एक्सचेंज म्हणतात), याच जोडप्याला दुसरं दार उघडं असतं: परदेशातून राहायला येणं हेच तिथे कारण धरतात, आणि 60 दिवस देतात. इथे पात्रता एक्सचेंज ठरवतं. टेक्सासमध्ये ते केंद्राचं हेल्थकेअर डॉट गव्ह, कॅलिफोर्नियात कव्हर्ड कॅलिफोर्निया, न्यू जर्सीत गेट कव्हर्ड न्यू जर्सी. त्यामुळे विमा कंपनीच्या कॉल सेंटरवरून कुणी ‘तुम्ही बसत नाही’ म्हणालं, तरी तो निकाल नव्हे. नोकरीचा विमा गेला असेल तर तो जाण्याआधी 60 आणि नंतर 60 दिवस अर्ज करता येतो. केंद्राच्या एक्सचेंजने पुरावा मागितला तर प्लॅन निवडल्यापासून 30 दिवसांत द्यायचा. नकार लेखी येतो आणि त्यावर 90 दिवसांत अपील करता येतं. राज्यांची अपिलाची पद्धत आपापली.

विमा कंपनीकडून थेट प्लॅन घेतला तर कागद तीच तपासते. सबसिडी नाही, एक्सचेंजचं अपील नाही. तक्रार राज्याच्या विमा खात्याकडे. खास कारण नसेल तर मी या वाटेला जाणार नाही.

कोब्रामध्ये, म्हणजे नोकरी सुटल्यावर जुना विमा चालू ठेवू देणाऱ्या कायद्यात, एसईपीचा प्रश्नच येत नाही. कंपनीत 20 किंवा जास्त माणसं असतील तर जुनाच प्लॅन चालू ठेवायचा हक्क असतो, आणि तो घ्यायचा की नाही हे कळवायला 60 दिवस मिळतात. पण कंपनी भरायची तो वाटाही आता आपल्या बोडक्यावर, वर 2 टक्के. शिवाय नोकरीचा विमा गेल्यानंतरचे मार्केटप्लेसचे 60 दिवस उलटल्यावर महाग पडतं म्हणून कोब्रा मध्येच सोडलं, तर त्यासाठी मार्केटप्लेस एसईपी देत नाही. हप्ता न भरल्यामुळे विमा गेला तरी तेच उत्तर.

माझं मत विचाराल तर जोडीदाराच्या कंपनीत आधी अर्ज टाका, कारण 30 दिवसांची मुदत सगळ्यात आधी संपते. कारण सरळ नसेल, तारखा जुळत नसतील, तर मार्केटप्लेस बरं. निदान निर्णय देणारा आपल्या पगाराशी बांधलेला नसतो.

दोन्हीकडे दिवस मोजतात ते विमा संपल्यापासून, आणि तो पुष्कळदा महिनाअखेरीपर्यंत चालतो. एच-1बीवर नोकरीविना अमेरिकेत राहायला मिळणारे कमाल 60 दिवस मात्र नोकरी सुटल्यापासून सुरू होतात. म्हणून जुन्या कंपनीकडून पत्र घेताना त्यात नोकरीचा शेवटचा दिवस आहे एवढ्यावर थांबू नका. विमा कोणत्या तारखेला संपला आणि त्यात घरातलं कोण कोण होतं, ही नावंही लिहून घ्या.