बाटली ओळखीची, आतलं रसायन भलतंच

बनावट मालाबद्दल आपण सगळेच थोडेफार सावध असतो. नाव चोरलं, लोगो चोरला, की तो सरळसरळ गुन्हा. मला ज्याने गंडवलं त्याने यातलं काहीच चोरलं नव्हतं. त्याच्या बाटलीवर त्याचं स्वतःचं नाव होतं, स्वतःचा पत्ता होता. बाकी सगळं मात्र एका नावाजलेल्या टॉयलेट क्लीनरचं होतं. तीच गडद हिरवी बाटली, तीच वाकडी मान, तेच पिवळं झाकण, लेबलवर तसाच तिरका पांढरा पट्टा. नावाचं पहिलं अक्षर आणि शेवटची दोन अक्षरंही जुळणारी. घाईत वाचलं की डोळा मधलं काही वाचतच नाही.

हा अनुभव लिहितेय कारण असा माल घेणाऱ्याला वाटतं की हा विकायला ठेवलाय म्हणजे कुणीतरी तपासला असेल. तसं काही नसतं.

मी अ‍ॅपवर मूळ ब्रँडचं नाव टाकून शोधलं होतं. सगळ्यात वर आली ती ही बाटली. कोपऱ्यात फिकट राखाडी अक्षरांत 'प्रायोजित' लिहिलेलं होतं, म्हणजे दुसऱ्याच्या नावाच्या शोधावर पैसे देऊन मिळवलेली जागा. फोटोत बाटली अशी तिरकी धरलेली की मान आणि झाकण समोर, नाव कडेला वळून निम्मं दिसेनासं. खाली भरघोस तारे. ते अभिप्राय नंतर निवांत वाचले, तेव्हा त्यातले बरेचसे मोबाइलच्या कव्हरचे निघाले! जुन्या वस्तूचं पान तसंच ठेवायचं, फोटो आणि नाव बदलायचं, कमावलेले तारे नव्या मालाला आपोआप चिकटतात. हा धंदा जगभर चालतो आणि कंपन्यांना तो चांगला ठाऊक आहे.

खरा प्रकार न्हाणीघरात घडला. जुन्या, मूळ ब्रँडच्या बाटलीतलं शेवटचं थोडं टॉयलेटच्या भांड्यात ओतून ठेवलं होतं. पुरेना म्हणून वरून नवी बाटली पिळली. क्षणात पोहण्याच्या तलावावर येतो तसला, पण त्याच्या कैक पटीने उग्र वास आला, डोळे चुरचुरले, घशात काट्यांसारखं टोचायला लागलं. खोकत बाहेर पळाले, खिडक्या उघडल्या आणि बराच वेळ आत पाऊल टाकलं नाही. नंतर दोन्ही बाटल्यांच्या पाठी शेजारी ठेवून वाचल्या. जुनीत हायड्रोक्लोरिक आम्ल. नवीत सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच. ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. दोन्ही बाटल्यांवर 'इतर क्लीनरमध्ये मिसळू नका' असं छापलेलं आहे, पण दिसायला हुबेहूब तीच असलेली बाटली 'इतर' आहे हे माणसाला कळणार कसं? नकलेतला खरा धोका मला इथे दिसला. पैसे जातात ते ठीक. इथे ओळखीच्या रूपावर विसंबून हात आपोआप चालतो.

आणखी एक गंमत. दोन्ही बाटल्या उंचीला सारख्या, पण नवी उलटी केली तर तळ आत खोल दाबलेला, अख्खा अंगठा मावेल एवढा. साहजिकच आत माल कमी. आकडा लेबलवर खराच छापलेला होता, म्हणून तिथेही बोट ठेवणं अवघड.

विक्रेत्याने हात वर केले. 'आम्ही त्या कंपनीचा माल आहे असं कुठे म्हटलंय? नाव स्पष्ट आहे, सील तुटलंय, परत घेता येणार नाही.' मग मूळ ब्रँडच्या ग्राहक सेवेला कळवलं. तिथे मात्र फार आस्था! 'मॅडम, पुढून, मागून, झाकणाचा, सगळे फोटो पाठवा, ऑर्डरचं पान पाठवा.' पाठवले. पोच आली ती त्यांच्या विधी विभागाकडून, आभार मानणारी. माझ्या घशाचं काय, पैशाचं काय, यावर अक्षर नाही. तेव्हा उमगलं की या भांडणात मी फिर्यादी नाहीच, पुराव्याचा एक कागद आहे.

मग या खटल्यांबद्दल जे वाचलं त्याने डोळे उघडले. कंपनीकडे साधारण दोन हत्यारं असतात. एक, 'आमचं रूप घेऊन हा आपला माल आमचा म्हणून खपवतोय' असा दावा. इथे सामान्य गिऱ्हाइकाची अर्धवट आठवण मोजली जाते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये पार्ले कंपनीच्या बिस्किटांच्या वेष्टनाच्या खटल्यात हेच धरलं: दोन वेष्टनं शेजारी ठेवून फरक मोजत बसू नका, आज एक पाहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुसरं पाहून फसेल का ते बघा. दिल्ली उच्च न्यायालयाने 2003 मध्ये कोलगेट विरुद्ध अँकर या दंतमंजनाच्या वादात डब्याची लाल-पांढरी रंगसंगतीही राखली, कारण पुष्कळ लोक नाव न वाचता रंगावरून माल ओळखतात. इंग्लंडमध्ये 1990 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, लिंबाच्या रसाची लिंबाच्याच आकाराची प्लास्टिकची बाटली जपली. प्रतिस्पर्ध्याच्या लिंबावर वेगळं लेबल होतं, तरी गिऱ्हाईक लेबल न बघता लिंबू बघूनच उचलतं, हे न्यायालयाला पटलं होतं. माझ्यासारख्यांची बाजू मांडणारे निकाल ते हेच.

दुसरं हत्यार म्हणजे नोंदवलेलं डिझाइन. इथे गिऱ्हाइकाचा गोंधळ झाला की नाही हा प्रश्नच येत नाही. युरोपच्या कायद्यात एक 'जाणकार वापरकर्ता' कल्पिला आहे, वस्तू बारकाईने पाहणारा, आणि त्याच्यावर एकूण छाप वेगळी पडली की नक्कल नाही. प्रॉक्टर अँड गॅम्बलने खोलीतला वास घालवणाऱ्या आपल्या फेब्रीझच्या फवाऱ्याच्या डिझाइनवरून रेकिट बेन्किझरच्या एअर विकला इंग्लंडमध्ये कोर्टात खेचलं. खालच्या कोर्टात जिंकले, 2007 मध्ये अपील न्यायालयात हरले. डायसननेही तिथेच व्हॅक्यूम क्लीनरवरून व्हॅक्स या कंपनीवर दावा लावला. न्यायाधीशांच्या मते डायसनचं यंत्र गुळगुळीत, वळणदार, डौलदार, तर व्हॅक्सचं कोनेदार आणि राकट. 2011 मध्ये अपिलातही डायसनच्या हाती काही लागलं नाही. माझ्याइतक्या अजाण माणसाला ती दोन यंत्रं लांबून सारखीच वाटली असती, पण कायदा तिथे मला विचारतच नाही.

वाकड्या मानेचं काय, हाही प्रश्न होता. आकार कामासाठी लागतो म्हणून तसा असेल तर त्यावर ट्रेडमार्क म्हणून कायमची मालकी सांगता येत नाही. फिलिप्सच्या तीन गोल फिरत्या डोक्यांच्या शेव्हरवरून रेमिंग्टनशी झालेल्या वादात युरोपीय न्यायालयाने 2002 मध्ये हे मांडलं, आणि लेगोच्या विटेलाही 2010 मध्ये हेच ऐकावं लागलं. मान वाकडी असते ती कडेखाली द्रव जावा म्हणून. तेव्हा डिझाइनची मुदत संपली की ती मान कुणीही बनवू शकतो. हे योग्यच आहे, नाहीतर एकाच कंपनीची मक्तेदारी झाली असती. पण मानेच्या जोडीला तोच रंग, तेच झाकण, तोच पट्टा आणि जुळणारं नाव आलं, की योगायोगाची गोष्ट मला सांगू नका. असा माणूस खटल्याची जोखीम हिशेबात धरूनच बाजारात उतरतो. मोठ्या कंपनीने नोटीस पाठवली तर झाकणाचा रंग बदलायचा, बस्स.

ऑनलाइन घेताना मी आता समोरचा फोटो सोडून मागच्या लेबलचा फोटो आधी उघडते. तो दिलेलाच नसेल तर पान बंद. उत्पादकाचं नाव, क्रियाशील घटक आणि मिलिलिटरचा आकडा, हे तीन जुन्या बाटलीशी ताडून पाहते. अभिप्राय 'सर्वांत जुने' असे लावले की पान पूर्वी कशाचं होतं ते दोन मिनिटांत कळतं. आणि स्वच्छतेचं कुठलंही द्रव्य घरात आलं की मागचं बारीक वाचल्याशिवाय जुन्याच्या जोडीला ओतायचं नाही, भले दोन्ही बाटल्या जुळ्या दिसोत.

फसलाच असाल तर बाटली धुऊन टाकू नका. सील, झाकण, बॅच नंबर आणि पार्सलवरचा विक्रेत्याचा पत्ता यांचे फोटो काढा, आणि त्याआधी विक्रीच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. माझी तक्रार गेल्यावर ते पान लगेच बदललं: पुढचा फोटो सरळ केला गेला आणि वर्णनात 'ब्लीचयुक्त' हा शब्द आला, जो आधी कुठेच नव्हता. जुना स्क्रीनशॉट हाताशी होता म्हणून पैसे परत मिळाले, तेही अ‍ॅपकडून. विक्रेता अजून तिथेच आहे.