मामाजींसाठी (माझ्या सासऱ्यांसाठी) घेतलेला डिजिटल वजनकाटा, 8 महिने रोज वापरून

साधा काटा आहे, वरून काच, खाली चार पाय, 100 ग्रॅमचा फरक दाखवतो, तालुक्याच्या मेडिकलमधून 950 ला घेतला. ज्यांच्या घरी हार्ट फेल्युअरचा (हृदय शरीराला पुरेसं रक्त पुरवू शकत नाही तो आजार) पेशंट आहे त्यांच्यासाठी लिहून राहिली, त्यांनी पूर्ण वाचा.

मागच्या वर्षी कापूस वेचणी सुरू होती तेव्हा मामाजींना दम लागायला लागला. वावरात जाईपर्यंत दोनदा बांधावर बसायचे. मग रात्री आडवं झालं की जीव घुसमटायचा, खाटेवर उठून बसायचे, दोन दोन उशा लागायच्या. पायाला बोट दाबलं की खड्डा पडायचा आन् तो तसाच राहायचा, आम्हाला वाटलं दिवसभर उभं राहून सुजले असतील. जवळच्या एका डॉक्टरनं दमा सांगितला, पंप दिला, वरून अशक्तपणा म्हणून दोन सलाईन लावल्या. त्या रात्रीची त्यांची हालत मी जन्मात विसरणार नाही. अंगात आधीच पाणी साचलेलं आन् आपण वरून आणखी पाणी सोडलं, हे नागपूरला नेल्यावर समजलं.

तिथं ईसीजी, छातीचा एक्स-रे, रक्ताची एनटी-प्रोबीएनपी म्हणून तपासणी (हृदयावर ताण आला की हे रक्तात वाढते) आन् टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला. इकोत ईएफ 30 निघाला. डॉक्टर मॅडमनी कागदावर काढून समजावलं, हृदयात जेवढं रक्त भरते त्यातलं एका ठोक्यात किती टक्के बाहेर ढकलल्या जाते तो हा आकडा, चांगल्या हृदयाचा 55 च्या आसपास किंवा वर असतो, 40 आन् त्याखाली म्हणजे पंप कमजोर. काही लोकांचा ईएफ चांगला असूनही हा आजार असतो, हृदय कडक होऊन नीट भरतच नाही, म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नका. आत्याबाई (माझ्या सासूबाई) तर 'फेल' शब्द ऐकूनच रडायला लागल्या होत्या. हृदय बंद पडलं असा त्याचा अर्थ नाही, जेवढं रक्त शरीराला पाहिजे तेवढं ते पुरवू शकत नाही, मग पाणी मागे साचते, फुफ्फुसात, पायात, पोटात. मामाजींना आधी कधीतरी अटॅक येऊन गेला होता, आम्हाला पत्ताच नाही, आन् बीपीच्या गोळ्या त्यांनी मधातच सोडल्या होत्या.

सुट्टी झाली त्या दिवशी मॅडमनी विचारलं, घरी वजनकाटा आहे का? मी म्हटलं कापूस मोजायचा आहे. त्यावर आम्ही चार दिवस मामाजींना उभं केलंही, पण तो जड, रोज कोण काढते, म्हणून हा घेतला. मॅडमचं सांगणं होतं की तीन दिवसांत 2 किलो वाढलं तर ते खाल्लेलं अंगी लागलं नाही, पाणी आहे, फोन करा, सूज दिसायची वाट पाहू नका.

आता काट्याचं. आमच्या मागच्या खोलीत जमीन सारवलेली आहे, तिथं एकाच सकाळी तीनदा मोजलं तर तीन आकडे आले. शहाबादी फरशीवर ठेवल्यापासून बरोबर दाखवते. सकाळी लघवी करून आले की, चहाच्या आधी, तेच धोतर-बंडी, भिंतीला हात न लावता उभं राहायचं (हात टेकला की वजन कमी दाखवते), आन् मी आकडा कालनिर्णयच्या त्या तारखेच्या चौकोनात लिहिते. मामाजी रोज विचारतात, "माय, आज किती भरलो?"

एप्रिलमधे भाचीचं लग्न झालं, पंगतीत पापड, लोणचं, मसालेभात सगळं खाणं झालं. 58.2 चे तिसऱ्या दिवशी 60.4. दम नाही, पायही बरे दिसत होते, मी तरी फोन केला. पाण्याची गोळी (अंगातलं जास्तीचं पाणी लघवीवाटे काढणारी) काही दिवस वाढवून दिली आन् किडनी-पोटॅशियमची तपासणी करायला सांगितली, आठवड्याच्या आत 58.4 वर आले, दवाखान्यात भरती करावं लागलं नाही. मे महिन्यात उलटं झालं, उन्हात घाम जाऊन 56.3, उठताना चक्कर, तेव्हा फोन केला तर तीच गोळी कमी केली. म्हणजे वजन उतरलं तरी सांगायचं असते, आपल्या मनानं गोळी कमीजास्त करायची नाही.

मिठाचंही सांगते. दुकानदारानं लो सोडियम मीठ घ्या म्हटलं, मॅडमनी नाही म्हटलं, त्यात पोटॅशियम असते आन् मामाजींच्या गोळ्यांनीही पोटॅशियम वाढते. सैंधवही शेवटी मीठच आहे. भाजीत मी लिंबू, कोथिंबीर नाही तर लसूण वाढवते. गुडघे दुखले की शेजारचे डायक्लोफेनॅक देतात, ती तर अजिबात बंद, अंगात पाणी धरते. आन् शुगर नसताना डॅपाग्लिफ्लोझिन काहून दिली म्हणून मामाजी घ्यायला तयारच नव्हते, ती शुगरची असली तरी हार्ट फेल्युअरवरही चालते, चार मुख्य प्रकारच्या गोळ्यांतली ती एक आहे. बरं वाटलं म्हणून त्या बंद करायच्या नसतात.

काट्यात दोन दोष आहेत. म्हातारा माणूस वाकून पाहतो तोवर आकडा विझून जाते, म्हणून सोबत कोणीतरी लागतेच. आन् काच ओल्या पायानं घसरते, मी वरून रबराचा पातळ तुकडा चिकटवला, त्याचं वजन 100 ग्रॅमच्या आतच आहे. सेल आतापर्यंत एकदा बदलला. घ्यायचा असेल तर मोठ्या आकड्यांचा, खडबडीत पृष्ठाचा घ्या. 5 पैकी 4 स्टार.