'मोपा असो की दाबोळी, रेट एकच' म्हणणाऱ्याला मी २३,३५६ रुपये दिले

आकडा आधीच सांगतो. २३,३५६ रुपये. गोव्यातली टॅक्सी फोनवरून ठरवताना एका भामट्याला पाच वेळा मिळून गेले: ५००, मग १,१८०, मग ४,९९९, परत ४,९९९ आणि शेवटी एकदम ११,६७८. हे लिहू की नको, यात दोन महिने घालवले. माझं कृषी सेवा केंद्र आहे, लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. रोज चाळीस-पन्नास लोक काउंटरवर येतात, त्यातले निम्मे मलाच विचारतात, "भाऊ, हा मेसेज खरा हाय का?" मी त्यांना शहाणपण सांगतो. म्हणून लाज वाटत होती. पण मागच्या आठवड्यात ओळखीतल्या एका गुरुजींना अगदी तशाच फोनवर ३,००० ला गंडवलं, तेव्हा गप्प बसणं बरोबर वाटेना.

आईला समुद्र बघायचा होता. वय ६८, गुडघे गेलेले, जन्मात विमान नाही की समुद्र नाही. रब्बीची बी-खताची गर्दी संपली, २६ जानेवारीला जोडून सुट्टी आली, म्हणून आई, मी, बायको आणि दोन लेकरं असं ठरवलं. आम्हाला पुण्यापेक्षा हैदराबाद सोयीचं पडतं, म्हणून शमशाबादहून विमान. गोव्यात कोलव्याला हॉटेल, दोन खोल्या, तीन रात्री, १३,५०० रुपये आधीच भरलेले.

पहिली चूक तिकिटातच झाली आणि ती कबूल करतो. गोव्याला दोन विमानतळ आहेत. जुना दाबोळीचा, वास्कोजवळ, नौदलाच्या हद्दीतला. नवा मोपाचा, पार उत्तरेला पेडणे तालुक्यात, जो जानेवारी २०२३ पासून सुरू झाला. मोपाचं तिकीट माणशी सहाशे रुपयांनी स्वस्त दिसलं, मी काढून टाकलं. कोलवा दक्षिणेत आहे. दाबोळीहून वीस-पंचवीस किलोमीटर, मोपाहून सत्तरच्या पुढं. हे तिकीट काढल्यावर कळलं. तुम्ही हॉटेल कुठं आहे ते आधी बघा, मग विमानतळ निवडा. कळंगुट-बागाला जाणाऱ्याला दोन्ही विमानतळ जवळपास सारखेच लांब पडतात, पण कोलवा, बाणावली, पाळोळे असेल तर मोपावर वाचवलेले पैसे टॅक्सीत जातात.

आता पाच माणसं, बॅगा आणि आईचे गुडघे. गाडी आधी ठरवून ठेवावी असं कुणालाही वाटेल. मेहुण्यानं सांगितलं होतं की गोव्यात ओला-उबर चालत नाही, टॅक्सीवाले मनाला येईल ते मागतात. हीच भीती मला महागात पडली. मी नकाशाच्या अ‍ॅपवर हॉटेलचं नाव टाकलं, तिथं जो नंबर आला तो लावला. हॉटेलचे फोटो खरे, पत्ता खरा, रेटिंग ४.२. नंबर तेवढा खोटा, हे कसं ओळखणार? खरा नंबर माझ्याकडंच होता, बुकिंगच्या मेलमध्ये. तो बघायचा कंटाळा केला.

समोरचा माणूस हिंदीत बोलला, अदबीनं. "ट्रॅव्हल डेस्क से बोल रहा हूँ सर." मी म्हटलं, पाच जण आहोत, एर्टिगा पाहिजे, किती घ्याल. म्हणाला १,८००. मी सहज विचारलं, "मोपा से आ रहे हैं, दाबोळी से नहीं, चलेगा ना?" आणि तो म्हणाला, "मोपा हो या दाबोलीम सर, रेट एक ही है."

इथं. इथंच मला कळायला पाहिजे होतं. नकाशा आदल्या रात्रीच बघितलेला. एक पंचवीस किलोमीटर, दुसरं सत्तर. आमच्या गावातला जीपवालासुद्धा वीस किलोमीटरचं आणि सत्तर किलोमीटरचं भाडं एकच सांगणार नाही. डिझेल काय झाडाला लागतं का? ज्याची गाडी खरंच त्या रस्त्यावर धावते, तो मोपा म्हटल्यावर आधी हळहळतो, मग जास्तीचा आकडा सांगतो. याच्याकडं गाडीच नव्हती, म्हणून त्याला अंतराचं सोयरसुतक नव्हतं. आणि मी काय केलं? स्वस्तात मिळालं म्हणून खूश झालो. बायकोला सांगितलंसुद्धा, बघ, मेहुणा उगीच घाबरवत होता. हे वाक्य आठवलं की आजही रात्री झोपेतून उठून बसतो.

५०० रुपये अ‍ॅडव्हान्स भरले. पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव आलं ते कुठल्याशा 'एंटरप्रायजेस'चं. बायको शेजारीच होती, म्हणाली, "अहो, हे हॉटेलचं नाव नाही की." मी म्हटलं, मालकाचं दुसरं खातं असंल. धंद्यात असतंच की तसं, माझी स्वतःची दोन खाती आहेत. मग त्यानं विमानाचा नंबर आणि वेळ मागितली, ड्रायव्हरला द्यायला म्हणून. दिली. ही मागणी कशासाठी होती ते पुढं कळेल.

जाण्याच्या दोन दिवस आधी १,१८० मागितले, विमानतळाचं पार्किंग, टोल आणि जीएसटी म्हणून, भाड्यातून वळते करू असं सांगून. आकडा असा तुटक होता की मला खराच वाटला. गोल आकडा सांगितला असता तर कदाचित शंका आली असती. ड्रायव्हरचं आधार आणि गाडीचा फोटो पाठवला. फोटोत जीए पासिंगची पांढरी एर्टिगा, आणि नंबरप्लेटसुद्धा पांढरी. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी असते, काळ्या अक्षरांची, हे आपल्याकडं शाळेतल्या पोराला ठाऊक आहे. काळी पाटी पिवळी अक्षरं असली तर ती स्वतः चालवायला भाड्यानं घेतलेली. पांढरी म्हणजे खासगी. मी फोटो मोठा करून बघितला तो ड्रायव्हरचा चेहरा बघायला. तोच नंबर नंतर एम-परिवहन या सरकारी अ‍ॅपवर टाकला तर स्कूटर निघाली. हे काम अर्ध्या मिनिटाचं आहे, पैसे देण्याच्या आधी करा.

२४ तारखेला पहाटे तीनला घर सोडलं. शमशाबादला रांगेत उभा असताना ११ वाजून २० मिनिटांनी फोन. गाडी निघाली आहे, वेटिंग डिपॉझिट ४,९९९ भरा, गाडीत बसलात की आपोआप परत. नाहीतर गाडी दुसऱ्या पार्टीला द्यावी लागेल, आज लाँग वीकेंड आहे. आईला व्हीलचेअर मिळायची होती, धाकटीनं वाटेत दोनदा उलटी केलेली, मागची रांग ढकलत होती. भरले. चौदा मिनिटांनी परत फोन: तुम्ही शेऱ्यात बुकिंग नंबर टाकला नाही, सिस्टीमनं घेतलं नाही, पुन्हा भरा, आधीचे लगेच परत येतील. तेही भरले. मला जे लोक आता म्हणतात, "दुसऱ्यांदा कसे काय भरलेस रे", त्यांनी म्हातारी आई आणि दोन लेकरं घेऊन त्या रांगेत उभं राहून दाखवावं.

मग मात्र मी चिडलो. म्हटलं, मला गाडी नको, सगळे पैसे परत द्या. तो जराही वरमला नाही. "बिल्कुल सर, ११,६७८ रिफंड कर देते हैं." क्यूआर पाठवला. म्हणाला, हा स्कॅन करा, जेवढी रक्कम परत पाहिजे तेवढी टाका आणि कन्फर्म करा. १ वाजून २ मिनिटं. गेटवर बोर्डिंगची रांग लागलेली, आई विचारतेय, "अरं, लघवीला कुठं जायचं?" डाव्या हातात पाच बोर्डिंग पास, उजव्या अंगठ्यानं आकडा टाकला, पिन टाकला. टिंग झालं. पैसे गेले.

माझ्या काउंटरवर सहा वर्षांपासून क्यूआरची पाटी उभी आहे. लोक स्कॅन करतात, पैसे मला येतात, डबा बोलतो. पैसे घेताना मी एकदाही पिन टाकलेला नाही. पिन टाकणारा देतो, घेणारा कधीच पिन टाकत नाही. ही गोष्ट मला माझ्या नावाइतकी पक्की माहीत आहे, आणि तरी त्या क्षणी डोक्यात आली नाही. पुढच्या पाच मिनिटांत मोबाईल बंद करायला लावला आणि विमान उडालं.

आता विमानाचा नंबर कशाला मागितला होता ते बघा. शेवटचा आणि सगळ्यात मोठा घाव त्यानं बरोबर बोर्डिंगच्या वेळी घातला. त्यानंतर दीड-दोन तास माझा फोन बंद, म्हणजे तक्रार नाही, म्हणजे पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरवायला मोकळं रान. विमानाची वेळ अनोळखी माणसाला सांगू नका. मला वेडा म्हणा, पण सांगू नका.

मोपाला उतरलो. नावाची पाटी घेऊन कुणी नाही, फोन स्विच ऑफ. तरी मी चाळीस मिनिटं उभा राहिलो, कारण मान्य करायची तयारी नव्हती. मग मेलमधला नंबर लावला. हॉटेलवाला म्हणाला, "आमच्याकडे ट्रॅव्हल डेस्कच नाही. असे फोन आम्हाला खूप येतात." खूप येतात? मग बुकिंगच्या मेलमध्ये एक ओळ लिहायला काय होतं, की या नंबरशिवाय कुणाला पैसे देऊ नका? यावर त्याच्याकडं उत्तर नव्हतं. शेवटी विमानतळाच्या आतल्याच टॅक्सी काउंटरवर पावती फाडली, ३,४०० रुपये, पिवळी पाटी, गुपचूप कोलव्याला पोचलो. काउंटर डोळ्यासमोर होतं. पावतीवर गाडीचा नंबर होता. एकटे-दुकटे असाल, सामान कमी असेल तर कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसही मोपाहून पणजी-मडगावकडं जातात, मडगावाहून कोलवा हाकेच्या अंतरावर. हे सगळं मला तिथं उभं राहिल्यावर कळलं. ठरवून जायच्या नादात मी पैसे घालवले, न ठरवता गेलो असतो तर काही बिघडलं नसतं.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला, तक्रार नोंदवली, पावती क्रमांक आला. तुमच्यावर वेळ आली तर आधी हा नंबर, मग बाकी रडारड. मी सव्वाचारला लावला, म्हणजे शेवटचे पैसे गेल्यावर तीन तासांनी. तोवर फक्त ४,९९९ एका खात्यात सापडले, ते गोठवले म्हणून नंतर मेसेज आला.

पुढची गोष्ट वाचून तुमचंही रक्त उसळेल. गोव्यातल्या एका चौकीत विचारलं तर म्हणाले, पैसे पाठवले तेव्हा तुम्ही हैदराबादला होता, तिकडं जा. गावी आलो. ठाण्यात म्हणाले, गोव्याचं प्रकरण आहे, गोव्यात द्या. गुन्हा कुठंही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यानं माहिती नोंदवून घ्यायची असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते लिहिलंय. मी छापून नेलं. साहेबांनी कागद वाचलासुद्धा नाही, म्हणाले, "आम्हाला कायदा शिकवू नका. इथं अठरा लाखवाले बसून हायत, तुमचे तेवीस हजार." अहो, माझे तेवीस हजार कुठल्या पोत्यातून पडले का? एक गोणी खत विकून किती सुटतात, ते मला विचारा.

जिल्ह्याला पाठवलं. तिथं म्हणाले, पैसे कुणाच्या खात्यात गेले त्याचा तपशील बँकेतून आणा. बँक म्हणाली, असा तपशील ग्राहकाला देता येत नाही, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले, पत्र गुन्हा दाखल झाल्यावर निघतं. आणि गुन्हा? तपशील आल्यावर. पाच चकरा मारल्या, प्रत्येक वेळी जाऊन-येऊन १२० किलोमीटर. बँकेच्या मॅनेजरनं मला एकच प्रश्न तीनदा विचारला, "पिन तुम्हीच टाकला ना?" हो, मीच टाकला. मग रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकावर बोट ठेवलं, ग्राहकाच्या चुकीनं गेलेलं नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाचंच. कायदा तसा असेल, मान्य. पण ज्या खात्यात माझे पैसे गेले, तेही कुठल्यातरी बँकेनंच उघडलं ना? माझं केवायसी अपुरं म्हणून दुकानाचं खातं दोन दिवस बंद ठेवतात, आणि या भामट्यांना खाती कोण देतं? हे विचारलं तर म्हणाले, तक्रार अर्ज द्या. अर्ज दिला. पोच मागितली तर शिक्का मारणारे साहेब रजेवर. गोठलेले ४,९९९ सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणतात. वकील तीन हजार मागतोय.

एक मात्र सांगतो: पोच घेतल्याशिवाय कुठंच कागद देऊ नका, आणि त्या माणसाची चॅट रागानं डिलीट करू नका. मी निम्मी उडवली होती. आज तीच मागतात.

नकाशाच्या अ‍ॅपवर त्या नंबरची तक्रार केली, तीन वेळा. खाली सगळा प्रकार लिहिला, तो गायब झाला. परवा रात्री बघितलं तर नंबर बदललेला. दुकानातल्या पोराच्या मोबाईलवरून लावला. तोच आवाज, तीच अदब. मी विचारलं, कोलव्याला यायचंय, मोपाहून किती, दाबोळीहून किती. त्यानं तेच उत्तर दिलं. हाही नंबर १९३० च्या तक्रारीत जोडायला सोमवारी सहावी चक्कर मारतोय. या आवाजानं आणखी कुणाला गंडवलं असेल तर आपला पावती क्रमांक सांभाळून ठेवा आणि मला कळवा. अठरा लाखवाल्यांपुढं माझ्या एकट्याचे तेवीस हजार मोजत नाहीत, पाच-दहा जणांचे मिळून तरी मोजावे लागतील.