अल्माजिरी मुलं : घरी धाडायची की शाळा सुधारायची?

उत्तर नायजेरियात कानो, सोकोतो अशा शहरांत वाडगा घेऊन फिरणारी मुलं म्हणजे अल्माजिरी. खेड्यातले गरीब आईबाप कुराण शिकायला मुलगा मल्लमकडे, म्हणजे गुरुजींकडे सोपवतात. जेवणाची सोय मुलाने दारोदार करायची. पूर्वी हे आपल्याकडच्या माधुकरीसारखं चालायचं; अमीर, म्हणजे तिथले राजे, आणि गावकरी सांभाळून घ्यायचे. १९०३ मध्ये इंग्रजांनी सोकोतो जिंकलं, पुढे राजाश्रय आटला आणि भीक तेवढी उरली.

पहिला मार्ग बंदीचा. २०२० मध्ये, कोविडच्या ऐन धामधुमीत, उत्तरेकडच्या राज्यांनी हजारो मुलं गाड्यांत भरून आपापल्या राज्यांत धाडली. रस्ते रिकामे दिसले, एवढंच. ज्या घरात खाणारी तोंडं जास्त म्हणून मूल बाहेर पडलं, त्याच घरात ते परत!

दुसरा मार्ग सुधारणेचा. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष गुडलक जोनाथन यांच्या सरकारने २०१२ पासून शंभरावर आदर्श शाळा बांधल्या. कुराणाबरोबर गणित, इंग्रजी, काही ठिकाणी राहण्याचीही सोय. पुढे त्यातल्या बऱ्याच ओस पडल्या. इमारतीला पैसा मिळाला, चालवायला नाही. शिवाय सरकारी शाळा म्हटली की कित्येक मल्लम बिचकतात.

तरीही मी दुसराच मार्ग निवडेन, पण आधी मल्लमचा पगार आणि मुलांचं जेवण, मग भिंती. मल्लमचीच चूल मुलांच्या भिकेवर पेटत असेल तर नुसत्या कायद्याने काय होणार? सेनेगलने २००५ मध्येच दुसऱ्याला भीक मागायला लावून पैसा कमावणं गुन्हा ठरवलं. राजधानी डकारच्या सिग्नलला तालिबे, म्हणजे तिथली अशीच कुराण शिकणारी मुलं, अजूनही उभी असतात.